नकाशातला पूल

१२ जानेवारी

ठरलं! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दरी. सायकलवर. दोघंही.

'दोघंही' लिहिताना हात जरा अडखळला, कारण ही अजून "बघू" म्हणते आहे. पण हिचं 'बघू' मी एकेचाळीस वर्षं ऐकतोय. नकार असला की भांडी आपटत लावते. आज भांडी गप्प होती.

१३ जानेवारी

नकाशा पलंगावर पसरला. माझाच नकाशा! मोजणी दुसऱ्यांची, पण शाईचा हात माझा. खाली कोपऱ्यात माझी आद्याक्षरं आहेत, मुंगीएवढी. चौतीस वर्षं कचेरीतल्या उतरत्या टेबलावर वाकून डोंगर काढले. एकही चढलो नाही. लग्नानंतरची पहिली भेट म्हणून हिला याचीच एक प्रत आणून दिली होती. "गळ्यात घालू की पांघरू?" म्हणाली होती. मी बोट ठेवून दाखवलं होतं — या पुलावरून तुला नेणार. मग मुलं झाली, बदल्या झाल्या, सासूबाईंचं आजारपण. राहिलंच.

बेत असा: वरच्या गावापर्यंत बस, सायकली टपावर. तिथून नदीच्या डाव्या काठानं अकरा किलोमीटर, सगळा उतार. खाली लॉजवर मुक्काम. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडायचा, की उजव्या काठानं सपाट रस्ता थेट मोठ्या स्टँडपर्यंत. चढ नावालाही नाही. हिच्या गुडघ्यांना चढ वर्ज्य, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. म्हणजे सगळी भिस्त पुलावर.

पाचवीच्या पुस्तकात नदीची कविता होती. मास्तरांनी अख्खी पाठ करून घेतली होती. अजून येते. त्यातही नदी एका पुलाखालून जायची. कविता बहुधा साधीच असेल. पण दहाव्या वर्षी पाठ झालेलं काही साधं राहत नाही.

२१ जानेवारी

मैदानावर सराव. हिनं वीस वर्षांनी सायकल धरली आणि पहिल्याच फेरीत मला मागे टाकलं! मी आभाळ बघत होतो, तेवढ्यात कुंपणात. सायकलवाला हसून लोटपोट. "आजी, तुम्ही आजोबांच्या पुढे राहा. मागं राहिलात तर उचलत बसाल."

"चाळीस वर्षं तेच करतेय," ही म्हणाली. न थांबता.

२९ जानेवारी

लॉजला फोन केला. मालकीणबाई बोलल्या. आवाज मोकळा, जरा मोठा. नदीच्या आवाजावर बोलायची सवय असावी. खोली मिळेल म्हणाल्या, सायकली पडवीत लावा म्हणाल्या. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावरून पलीकडे जाऊ.

"पूल? कुठला पूल, काका?"

मी खुणा सांगितल्या. तुमच्यापासून दोन किलोमीटर खाली, नदी अरुंद होते तिथे.

"तिथं दोर आहे. त्याला पाळणा बांधलाय, माणूस बसतो नि ओढून घेतो. पावसाळ्यात तोही बंद. पूल नाही हो."

पूर्वी असेल, म्हटलं. त्यांनी घाईनं विषय खोलीच्या भाड्यावर नेला. फोन ठेवला.

३० जानेवारी

आठवलं. न आठवतं तर बरं होतं.

मोजणीवाल्यांच्या वहीत नदीवर दोन बारीक रेघा होत्या. शेजारी काहीतरी खरडलेलं, पाण्यानं पुसट झालेलं. नियम असा की शंका आली तर वही साहेबांकडे न्यायची. मी नेली नाही. दुपारची वेळ होती, नुकतं लग्न ठरलेलं, आणि ओठांवर ती नदीची कविता. कवितेत पूल आला आणि माझ्या हातूनही आला. दोन समांतर रेघा, चार टोकं बाहेर वळवलेली. इतका सुबक की साहेबांनी तपासताना मान डोलावली आणि सही केली.

ट्रेसिंगच्या कापडावरची चूक ब्लेडनं खरवडता येते. चूक आहे हे कळायला हवं.

२ फेब्रुवारी

हिला सांगितलं. आधी वाटलं, हसेल. हसली नाही.

"म्हणजे एकेचाळीस वर्षं तुम्ही मला नसलेल्या पुलावर नेत होता?"

मी नकाशाची घडी घालू लागलो.

"आणि मी वाट बघत होते!"

रात्रीचं जेवण दोघांनी भिंतीकडे बघत केलं.

५ फेब्रुवारी

कचेरीला पत्र लिहिलं. अमुक नकाशा, अमुक चौकोन, पूल प्रत्यक्षात नाही, चूक सर्वस्वी माझी, दुरुस्ती व्हावी. तीनदा लिहून काढलं. किती जण त्या काठापर्यंत जाऊन परत फिरले असतील! ओझी घेऊन, पोरं कडेवर घेऊन. पत्र घडी करून पाकिटात घातलं, तेव्हा छातीवरचं काहीतरी उतरलं.

६ फेब्रुवारी

खोली रद्द करायला फोन केला, आणि आता लपवायचं काय, म्हणून मालकीणबाईंना सगळं सांगितलं. पत्राचंही.

पलीकडून नदी ऐकू आली.

"काका, पत्र टाकलंत?"

नाही म्हटलं. उद्या टाकणार.

"टाकू नका. हात जोडते." आणि मग सांगत सुटल्या. दोन्ही काठांची गावं सोळा वर्षं पुलासाठी अर्ज करतायत. नवा पूल म्हटलं की कागद फिरत राहतो, जन्म जातो. मग कुणाला तरी हा नकाशा सापडला. त्यावर पूल! पडलेला पूल परत बांधायला मंजुरी लवकर मिळते. तेव्हापासून अर्जात लिहितात — आमचा पूल वाहून गेला, परत बांधा. म्हातारीकोतारीसुद्धा शपथेवर सांगतात. आणि आता कुठे खात्यानं चौकशीचा हुकूम काढलाय.

"माझं माहेर समोरच्या काठावर आहे, काका. आई अंगणात आली की दिसते. हाक मारली तर ओ देते. पण जायचं तर वरच्या गावावरून वळसा, चोवीस किलोमीटर. ती आता पाळण्यात बसू शकत नाही, आणि दोर ओढायला माझ्याही खांद्यात जोर उरला नाही. मी गेल्या दिवाळीनंतर तिचा हात हातात घेतलेला नाही."

खोली रद्द करायची राहूनच गेली.

७ फेब्रुवारी

पाकीट टेबलावर. ही त्याच्या भोवतीनं फडकं फिरवते, त्याला हात लावत नाही.

१५ फेब्रुवारी

खोटा पूल मी काढला. खोटं गावं बोलतायत. पण समोरच्या अंगणातली आई खरी आहे.

मास्तर म्हणायचे, कवितेतलं खरं वेगळं आणि गणितातलं वेगळं. मी पोट भरलं ते गणितातल्या खऱ्यावर. अर्धा मिलिमीटर चुकला तर झोप लागायची नाही. आणि चुकलो ते एकदाच, तर केवढा चुकलो!

३ मार्च

पत्र टाकायला निघालो. पेटीपर्यंत गेलो. परत आलो.

९ मार्च

मालकीणबाईंचा फोन. चौकशीच्या इंजिनीअरनं कोपऱ्यातली आद्याक्षरं शोधून काढली. कचेरीतून माझा पत्ता घेतला. परवा घरी येतोय. मी सांगेन त्यावर अहवाल.

"मी काही म्हणणार नाही, काका. तुमच्या मनाला पटेल ते सांगा." आवाज आज लहान होता.

हिनं विचारलं, "काय सांगणार?"

"खरं."

"बरं," म्हणाली. आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी अशी लावली की शेजारीण खिडकीत आली.

११ मार्च

इंजिनीअर आला. मुलासारखाच वाटला, बूट दाराबाहेर काढून नीट जोडीनं ठेवणारा. नकाशा पसरला, पुलावर पेन्सिल टेकवली. "काका, हा पूल तुम्ही काढलात. प्रत्यक्षात होता का?"

मी तोंड उघडलं. पाकीट माझ्या कोपराखाली होतं.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. "होता तर! लग्न झाल्या झाल्या आम्ही दोघं त्यावरून गेलो. सायकलवर. मधली एक फळी हलत होती, मी घाबरून उतरले. यांनी माझा हात धरून पलीकडे नेलं."

इंजिनीअर लिहू लागला. लिहिता लिहिता त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"सातवी," मी म्हणालो. "सातवी फळी."