मांडीचं माप

पुणे, ९ जानेवारी २०२५

ती. रतनमामास सा. न. वि. वि.

फोनवर मामी मध्येच येते आणि माझ्या लग्नाचं काढते, म्हणून कागद घेतला. संगणकात तुझ्यासारखा एक माणूस तयार करून त्याला सायकलवर बसवते आहे. मांडीला हलकी वीज दिली की स्नायू आखडतो, पायडल फिरतं. ती केव्हा आणि किती द्यायची, हे आधी त्याच्यावर ठरवायचं. त्याचं चाक पूर्ण फिरलं तरच माणगावचे डॉक्टर तुला खऱ्या सायकलवर घेतील. वजन, नडगी आणि मांडीचं माप सेंटीमीटरमध्ये कळव.

लोभ आहेच, मापासकट धाड.

तुझी पूर्वी

हरिहरेश्वर, १५ जानेवारी

चि. पूर्वीस अनेक आशीर्वाद.

वजन बासष्ट किलो, नडगी एक्केचाळीस, मांडी एकोणऐंशी. मामीने दोनदा मोजलं. सुपारीच्या झाडावरून पडल्याला चार वर्षं झाली. पाय आहेत हे आता बघूनच कळतं. हसू नकोस, पण सायकल चालवणार म्हणून वाडीभर सांगून बसलोय. मामी विचारते, त्या संगणकातल्या माणसाला जेवायला काय घालतेस.

माया असू दे.

रतनमामा

पुणे, २४ जानेवारी

ती. मामास सा. न.

तुझा माणूस अर्ध्या फेरीतच अडकतो. गुडघा हनुवटीला लागतो. निकाल बघून डॉक्टरांनी तुझं नाव बाजूला ठेवलंय, सोमवारी यादी पक्की होईल. मी आकडे न तपासताच भरले होते, आज नीट वाचले. मांडी एवढी लांब कशी? पत्राचा फोटो मामीच्या फोनवर पाठवते आहे. रागावू नकोस.

पूर्वी

हरिहरेश्वर, २५ जानेवारी

चि. पूर्वीस आशीर्वाद.

तू मांडीचं माप मागितलंस. मामीने मला मांडी घालून बसवलं आणि या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत टेप धरला. आम्हाला जेवायला बसायची तीच मांडी ठाऊक. आता खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मोजलं, बेचाळीस भरलं. मामी म्हणते, इंजिनेर झाली तरी पोरीला नीट विचारता येत न्हाय. डॉक्टरांना सांग, नाव काढायचं तर बेचाळीसवर काढा, एकोणऐंशीवर नको.

मामा

हरिहरेश्वर, २० फेब्रुवारी

चि. पूर्वीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या माणसाचं चाक फिरलं आणि नाव परत यादीत आलं, तेव्हाच मामीने नेसायची साडी काढून ठेवली. काल माणगावला गेलो. मांड्यांवर पट्ट्या चिकटवल्या, पाय पायडलला बांधले. आधी मोटारीने फिरवलं, मग डॉक्टरांनी मोटार बंद केली. मला पायात काहीच कळत नव्हतं. गुडघे मात्र वर-खाली होत राहिले, कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. नऊ मिनिटं. शेवटी दम लागला. चार वर्षांत दम लागावा असं काही केलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, याने पायांवर उभं राहाल अशी आशा धरू नका. स्नायू भरतील, अंगात ताकद येईल, आठवड्याला यावं लागेल. मी म्हटलं, चालेल. डॉक्टरांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग मामीला हसू फुटलं, आणि मलाही.

लोभ असाच फिरता ठेव.

तुझा मामा