गाळलेलं पाणी

उज्जैन, १८ जून १९५७

ती. भय्यासाहेब यांस,

अहल्येचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही बऱ्या आहोत. जयू सातवी पास झाली. क्षिप्रेला पाणी उरलं नाही, रामघाटावर लोक डबक्यातच अंघोळी उरकतात.

तुमचं भोपाळहून पत्र पोचलं. नवं राज्य झालं, कचेऱ्या तिकडे गेल्या, म्हणून या उन्हात तुम्हाला तिथवर हेलपाटे घालावे लागतात. नारूपायी सरकारनं देवळाच्या बावडीच्या पायऱ्या बुजवून वर पंप बसवला तर आपल्या घराण्याचं तीर्थ जाईल, हे मला कळतं. तुम्ही लिहिता, "विष्णूचा पाय खिळा लागून चिघळला, एवढं कचेरीसाठी लिहून पाठव. नारूचं नाव नको."

खिळा नव्हता. नारूचा जंत पायातून हातभर बाहेर आला होता, मी स्वतः काडीला गुंडाळत होते. तो तुटला, पाय सुजला, मग धनुर्वात, आणि हे गेले. तुम्ही उशाशी होतात.

परवा इंदूरच्या प्रयोगशाळेतले डॉक्टर गर्गे आले. दोन वर्षांपूर्वी याच बावडीचं पाणी तुम्ही बाटलीत भरून त्यांच्याकडे पाठवलं होतं आणि ते निर्दोष ठरलं होतं. त्यात जराही गाळ नव्हता, हे त्यांना तेव्हापासून खटकत होतं. "माई, बावड़ी का पानी, और शीशी में ज़रा भी गाद नहीं?" या वेळी त्यांनी घागरीमागून घागर बारीक जाळीतून ओतवली आणि जाळीत उरलं तेवढंच तपासायला घेतलं. मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. रव्याच्या कणाएवढे किडे टुणटुण उडत होते. एक काचेखाली दाबला, तर त्याच्या पोटातून नारूचं पिल्लू वळवळत निघालं. हाच किडा पाण्याबरोबर पोटात गेला की वर्षभरानं नारू पायातून बाहेर येतो. म्हणाले, "ये कीड़ा कपड़े से पार नहीं होता, माई."

जाऊबाई कुसुमवहिनी शेजारीच होत्या. हसून बोलून गेल्या, "अहो, परक्या माणसाला काय बिनगाळलं पाणी पाठवायचं? ह्यांनी सोवळ्याचं धोतर चौपदरी करून गाळलं होतं तेव्हा. घराण्याला शोभायला नको?"

डॉक्टरांनी ते वहीत टिपलं.

तुमच्या मनात खोट नव्हती, हे मी जाणते. त्यानं काही हलकं होत नाही. नारू गल्लीत फिरत होता तेव्हा मी यांना म्हटलं होतं, आचमनाचं पाणी तरी गाळून घ्या, मी पुस्तकात वाचलंय. तुम्ही ओसरीवरून ओरडलात, "तीर्थ कधी गाळतात का? आता ही पुस्तकं वाचून आम्हाला शिकवणार! सरकारनं पाणी शुद्ध म्हटलंय." मोठ्या भावापुढे हे बोलले नाहीत. ओंजळीनं प्यायले, रोज.

सरकारसाठी गाळलंत. भावासाठी नाही.

लिहून मी दिलं आहे, पण डॉक्टरांकडे. नारूनं गेले, असंच लिहिलं आणि खाली सही केली. तुम्ही परताल तोवर पायऱ्या बुजलेल्या असतील.

उन्हातून याल. दारात पाणी मीच देईन. गाळून देईन.

तुमच्या धाकट्या भावाच्या मागे राहिलेली,
अहल्या