जुन्या गाडीचा वाढीव रस्ताकर आणि जप्तीत अडकलेली खालची कवळी

प्रति,
मा. वाहनकर अधिकारी साहेब,
वाहनकर कार्यालय, दुसरा मजला
(लिफ्ट बंद असल्याने अर्ज जिन्याने येत आहे.)

विषय : जुन्या गाडीवर बसवलेला वाढीव रस्ताकर रद्द होण्याबाबत; ते जमत नसल्यास निदान गाडीतली कवळी मोकळी करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची वाढीव कराची नोटीस, त्यामागून आलेली जप्तीची नोटीस, आणि जप्त झालेली गाडी रस्त्यावर चालवल्याबद्दलची दंडाची नोटीस.

महोदय,

अर्जदार कवळ्या बनवण्याचा व्यवसाय करतो. बाजारामागच्या गल्लीत, शिंप्याच्या शेजारी त्याचे दुकान आहे. ज्या म्हाताऱ्या माणसांना दुकानापर्यंत येववत नाही त्यांच्याकडे तो स्वतः जातो, जबड्याचे माप घेतो, कवळी बसवतो, टोचत असेल तिथे घासून देतो. त्यासाठी त्याच्याकडे एक छोटी गाडी आहे. ती जुनी आहे हे अर्जदार नाकारत नाही. अर्जदारही जुनाच आहे. पण त्याच्यावर अद्याप वाढीव कर बसलेला नाही, याबद्दल तो कार्यालयाचा ऋणी आहे.

१. गाडीने वयाची मर्यादा ओलांडली, जुन्या गाड्या हवा बिघडवतात, सबब कर दुप्पट, अशी नोटीस आली. अर्जदाराने त्याच दिवशी धूर-तपासणी करून घेतली. तपासणाऱ्याने यंत्र बंद पडले की काय म्हणून त्याला दोनदा थोपटले, कारण आकडा फारच कमी येत होता. तो दाखला घेऊन अर्जदार आपल्या खिडकीवर गेला. खिडकीतल्या बाईंनी दाखला उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "काका, धूर नाही हे मान्य. पण वय आहे ना!" मग हा कर धुराचा की वयाचा, असे अर्जदाराने नम्रपणे विचारले. बाई म्हणाल्या, "कर नियमाचा असतो."

२. बाई मनाने चांगल्या. त्यांनी आपुलकीने सल्लाही दिला : "ही विकून टाका आणि नवी घ्या. नव्या गाडीला सवलत आहे." हा सल्ला अर्जदाराने घरी जाऊन पत्नीला सांगितला. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "म्हणजे दात पडले म्हणून दंड, आणि उपाय काय, तर नवे दात येऊ द्या!" नवी गाडी घेण्याची ऐपत असती तर जुनी कोण ओढत बसले असते? ज्याला परवडत नाही त्याने जास्त भरावे आणि ज्याला परवडते त्याला सूट मिळावी, यामागे काही खोल विचार असणार. तो अर्जदाराच्या टाळक्यात शिरत नाही, एवढेच.

अर्जदाराच्या घरासमोर इमारतींचे एक ठेकेदार राहतात. त्यांच्या तीन गाड्या आहेत. प्रत्येक गाडी अर्जदाराच्या दुकानाएवढी, आणि त्यातली एक बहुधा कुत्र्याला फिरवण्यापुरती. त्या बाहेर पडल्या की गटारांची झाकणे खडखडतात. तिन्ही नव्या, म्हणून तिन्हींना सवलत. रस्ता वजनाने झिजतो अशी अर्जदाराची आजवर भाबडी समजूत होती. शिवाय टेकडीवर जाणारा जो रस्ता अर्जदार वापरतो, त्याला गाडी नवी होती तेव्हापासून डांबर लागलेले नाही. जुनेपणाचा कर घ्यायचाच, तर या रस्त्याकडून आधी वसूल व्हावा.

३. हेच सांगण्यासाठी अर्जदार सुनावणीला आपल्यासमोर उभा राहिला. दातांचा धंदा करणाऱ्याने दातांच्या कण्या केल्या. आपण फोनवर होतात. मधेच मान वर करून आपण म्हणालात, "नियम सगळ्यांना सारखा," आणि घंटी वाजवलीत. सुनावणी झाली हे अर्जदाराला बाहेर शिपायाकडून कळले.

४. त्यानंतर निरीक्षक साहेब कार्यालयाच्या नव्या कोऱ्या गाडीतून जप्तीसाठी आले. अर्जदार तेव्हा टेकडीवरच्या वृद्धाश्रमात निघाला होता. तिथल्या एका आजींची खालची कवळी घासून तयार होती आणि गाडीच्या समोरच्या कप्प्यात डबीत ठेवली होती. अर्जदार म्हणाला, "साहेब, गाडी न्या, पण तेवढी डबी काढून घेऊ द्या. म्हातारं माणूस जेवायचं खोळंबलंय." निरीक्षक साहेब म्हणाले, "काका, पंचनामा झालाय. आता गाडीतली टाचणीसुद्धा सरकारजमा." त्यांनी कप्प्यावर कागद चिकटवून सही ठोकली. पंचनाम्यात "कवळी, खालची, नग एक" अशी रीतसर नोंद आहे.

मग कार्यालयाची गाडी सुरू होईना. तिच्या पडद्यावर एक लाल चित्र येऊन बसले आणि दारे आपोआप बंद झाली. आतला चालक काचेवर थापा मारू लागला. ठेकेदारांची माणसे गच्चीतून मजा बघत होती. निरीक्षक साहेबांचा चेहरा पाहून अर्जदाराला खरोखर वाईट वाटले. त्याने दोर काढला. जप्त गाडीचा गियर कुणाला टाकता येईना, म्हणून निरीक्षक साहेबांच्याच सांगण्यावरून अर्जदार स्टिअरिंगवर बसला, आणि त्या म्हाताऱ्या गाडीने कार्यालयाची नवी गाडी चालकासकट आपल्या आवारापर्यंत ओढत नेली. चढावरसुद्धा तिने धूर काढला नाही.

५. आठवडा उलटायच्या आत, जप्त वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवल्याबद्दल आणि विनापरवाना दुसरे वाहन ओढल्याबद्दल अर्जदाराला दंड झाला. अर्जदाराने निरीक्षक साहेबांची गाठ घेतली. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "काका, ओढलीत हे खरंच आहे ना? मग मी काय लिहू?" अर्जदार परत फिरला. आता गाडी आपल्या आवारात उभी आहे. जागेचे भाडे अर्जदाराच्या नावावर चढते आहे, आणि जी गाडी रस्त्यावर नाही तिचा रस्ताकरही चालूच आहे. चोराच्या उलट्या बोंबा असे अर्जदाराची पत्नी म्हणते. तिचे म्हणणे अर्जदार केवळ माहितीसाठी सादर करत आहे.

६. आता कवळीबद्दल. अर्जदार टेकडीवर पायी जातो. आजी खिडकीजवळच्या खाटेवर बसलेल्या असतात आणि पेज पितात. फक्त वरच्या दातांनी काही चावता येत नाही, त्यामुळे त्या वाळत चालल्या आहेत. अर्जदाराने माफी मागितली तर म्हणाल्या, "तुमचा काय दोष? सरकारी कामाला वेळ लागतो. माझा मुलगाच आहे ना त्या खात्यात, मोठा साहेब." मग मुलाला एक फोन करू का, असे अर्जदाराने विचारले. त्या घाईघाईने म्हणाल्या, "नको, नको. त्याला नका त्रास देऊ. फार कामात असतो तो. मागे आला होता तेव्हासुद्धा फोनवरच होता."

त्यांनी उशीखालून फोटो काढून दाखवला. अर्जदाराला त्याची गरज नव्हती. सुनावणीच्या दिवशी आपण मान वर केलीत तेव्हाच ती पुढे आलेली हनुवटी त्याला ओळखीची वाटली होती. त्याच ठेवणीच्या जबड्याचे माप त्याने आजींकडून घेतले आहे. ही गोष्ट अर्जदाराने खिडकीवर, निरीक्षकांकडे किंवा ठेकेदारांकडे कुठेही बोललेली नाही, आणि बोलणारही नाही.

सबब विनंती अशी, की कर, भाडे आणि दंड यांबाबत नियमाप्रमाणे जे व्हायचे ते होवो. गाडी हवी तर ठेवून घ्यावी. फक्त तेवढी डबी काढावी. कप्पा अडकतो; खालून मुठीने एक ठोसा दिला की उघडतो. सील तोडण्याचा अधिकार या कार्यालयात फक्त आपल्याला आहे असे निरीक्षक साहेबांकडून समजले, म्हणून हे काम दुसऱ्या कुणावर सोपवता येणार नाही. कवळी बसवण्याआधी कोमट पाण्यात बुडवावी. बसवल्यावर सफरचंदाची एक पातळ फोड द्यावी, आणि ती पूर्ण चावून होईपर्यंत शेजारी बसून राहावे. टोचत असले तरी त्या सांगणार नाहीत. चेहऱ्याकडे बघून ओळखावे लागते.

आपला नम्र, सध्या पायी,
अर्जदार, कवळीवाला
(सही)
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. धूर-तपासणीचा दाखला (उत्तीर्ण)
२. तिन्ही नोटिसांच्या प्रती
३. वृद्धाश्रमाचा पत्ता व भेटीच्या वेळा