ओतारूचे फुकट विमान

३ फेब्रुवारी
फुसाएने आज सकाळी बर्फ ओढता ओढता शेजारच्या किनुबाईंना जे सांगितले, ते दुरुस्त करणे भाग आहे. मी खिडकीत होतो. तिचे वाक्य जसेच्या तसे असे: "ताईला भेटवून आणतो म्हणून गेल्या वर्षी ह्यांनी तीनदा कबूल केलं, आणि तिन्ही वेळा मोडलं." वस्तुस्थिती अशी. मे महिन्यात मी कबूल केले नव्हते. 'पाहू' म्हटले होते. ऑगस्टमध्ये, पितरांच्या आठवड्यात, फुकटची तिकिटे देत नाहीत. म्हणून बेत पुढे ढकलला, मोडला नाही. ऑक्टोबरात मला खरोखरच पडसे होते. मोडलेली वचने: शून्य. ज्याने आयुष्यभर शाळेत भाषा शिकवली, त्याच्या पत्नीने इतके सैल बोलावे, याचे वाईट वाटते.
किनुबाई म्हणाल्या, "मग जहाजानं जा की गं. दुपारी नीगाताला बसलीस की पहाटे ओतारू."
जहाजाला तिकीट लागते.

४ फेब्रुवारी
संकल्प. या वर्षी फुसाएला तिच्या थोरल्या बहिणीकडे, मित्सुयोताईंकडे, ओतारूला नेणे. विमानाने. ताई ऐंशीला आल्या आहेत, हृदय अशक्त झाले आहे, डॉक्टर 'जपा' यापलीकडे काही बोलत नाहीत. दोन्ही तिकिटे कार्डांच्या पॉइंटांवर, म्हणजे फुकट काढणे. आणि एकाही कार्डाची वार्षिक फी न भरणे. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. फी भरून मिळवलेले फुकट हे फुकट नव्हे.

११ फेब्रुवारी
मार्ग निश्चित केला. किराणा दुकानाचे पॉइंट फोन कंपनीकडे वळवायचे, तेथून रेल्वेकडे, रेल्वेकडून विमान कंपनीकडे. सरळ वळवले तर निम्मे गळतात. या वळणाने जवळजवळ सगळे पोहोचतात. प्रत्येक टप्प्याला साधारण महिना लागतो. भातखाचरात पाटाचे पाणी असेच येते: एकेक दार उघडत.
फुसाएला आकृती काढून दाखवली. ती म्हणाली, "आणि मध्येच कुणी दार लावलं तर?"
शंका अभ्यासाअभावी निर्माण होतात.

२ मार्च
ज्या तारखेच्या शेवटी पाच येतो, त्या दिवशी दुकानात पाचपट पॉइंट. इतर दिवशी खरेदी बंद, असा नियम केला आहे. आज घरात तोफू नाही. ५ तारखेस असेल.

९ मार्च
रविवार, ताईंचा फोन. पहिला प्रश्न मलाच: "काय मास्तर, विमान कुठवर आलं?" मी सांगितले, सध्या किराणा दुकानात आहे. "अजून वाण्याकडंच? अहो, धावपट्टी तरी गाठा. मी गेल्यावर उतरू नका म्हणजे मिळवली." फुसाए म्हणाली, "ताई, काहीतरीच बोलतेस." ताई हसल्या आणि नंतर बराच वेळ खोकल्या.
नियोजन वेळेत असल्याची मी त्यांना खात्री दिली.

२५ मार्च
फुसाएच्या माहेरून दर वर्षी घरच्या शेताचे तांदळाचे पोते येते. मेहुण्याला फोन करून ते थांबवले. कारण स्पष्ट आहे: भेट आलेल्या तांदळावर पॉइंट मिळत नाहीत, दुकानातल्या तांदळावर मिळतात.
 मेहुणा म्हणाला, "दाजी, आमच्या तांदळात खडे निघाले का?" मी पॉइंटांची पद्धत समजावून सांगितली. तो म्हणाला, "बरं."
संध्याकाळी पिशवीतला तांदूळ शिजवला. फुसाएने दोन घास खाल्ले. म्हणाली, या गावात विकतचा तांदूळ फक्त स्टेशनजवळच्या खोल्यांत राहणारे पोरगे खातात. तेव्हापासून बोललेली नाही. घर वाचनास अनुकूल झाले आहे.

१४ एप्रिल
दाढ दुखते. दंतवैद्य कार्ड घेत नाही. जो घेतो, तो शोधत आहे. तोपर्यंत डाव्या बाजूने चावणे.

२२ एप्रिल
बँकेच्या सोनेरी कार्डाबाबत पत्र आले. गेल्या सप्टेंबरात घेतले होते. पहिल्या वर्षाची फी माफ. वर्षभरात ठरावीक खर्च पुरा केला, तर शेवटी पॉइंटांची मोठी रास. पत्रात आदरार्थी रूपाच्या दोन चुका आहेत. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवले.

१८ मे
रेल्वे कंपनीची सूचना: फोन कंपनीकडून आलेले पॉइंट पुढे विमान कंपनीकडे वळवण्याची सोय ३० जूननंतर बंद. माझे पॉइंट सध्या फोन कंपनीत आहेत. जूनअखेर रेल्वेत पोहोचतील आणि त्याच दिवशी पुढे जातील. काळजीचे कारण नाही.
फुसाएला सांगितले नाही. ती आकृतीची आठवण काढील.

४ जून
फुसाए गायनमंडळाबरोबर गरम पाण्याच्या कुंडांवर जाणार आहे. चार दिवस. हे मंडळ आहे, हे मला आजच समजले. खर्च ती स्वतःच्या साठवणीतून, रोखीने करणार. माझे कार्ड देऊ केले होते, नको म्हणाली. पॉइंट वाया गेले.

८ जून
फुसाए परतली. चेहरा तजेलदार. माझ्यासाठी सुकवलेल्या हेरिंग माशाची पुडी आणली. पुडीवर ओतारूच्या कालव्याचे चित्र. पूर्वी ज्या गावची वस्तू त्याच गावी मिळत असे. हल्ली कुठेही काहीही मिळते.
मासा चांगला होता. डाव्या बाजूने खाल्ला.

१ जुलै
पॉइंट रेल्वेत पोहोचले. आज.

३ जुलै
रेल्वेच्या पॉइंटांवर रेल्वेच्या दुकानांत खरेदी करता येते. नागाओका स्टेशनच्या उपाहारगृहात कॉफी घेतली. फुकट. वर्गातला एक जुना विद्यार्थी भेटला; आता डोक्यावर केस नाहीत. "सर, कुठे निघालात?" मी म्हणालो, कुठेही नाही. कॉफी अपेक्षेपेक्षा बरी होती. अजून पुष्कळ कप शिल्लक आहेत.

१३ जुलै
ताईंचा फोन. "मास्तर, विमान?" मी म्हणालो, स्टेशनवर आहे. ताई म्हणाल्या, "विमान स्टेशनवर, मास्तर घरात, आणि मी खाटेवर. तिघांनी मिळून एक जागा ठरवा बघू." फुसाए तोंडावर हात धरून हसत होती. मग फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. त्यांचे हल्ली फार वेळ चालते. काहीतरी 'त्या रात्री' आणि 'उशीखाली' एवढे ऐकू आले. बहिणींच्या जुन्या आठवणी असाव्यात.

२९ ऑगस्ट
सोनेरी कार्डाचा ठरलेला खर्च पुरा झाला. सप्टेंबर लागताच दुसऱ्या वर्षाची फी कापली जाईल. म्हणून आज फोन करून कार्ड बंद केले. फोनवरची मुलगी "पण सर, तुमचे पॉइंट..." असे म्हणून काही सांगू लागली. गिऱ्हाईक सुटू नये म्हणून या मुलींना असे बोलायला शिकवलेले असते. हा डाव मला माहीत आहे. तिला मध्येच थांबवले, आणि सुरुवातीला तिने 'बंद करायचे होते का?' असे विचारले होते, म्हणून प्रश्न विचारताना भूतकाळ वापरू नये, हेही सांगितले. ती म्हणाली, "लक्षात ठेवीन, सर." चांगली मुलगी.
फी: शून्य.

१९ सप्टेंबर
रास आलेली नाही. बँकेला फोन केला. पॉइंट पुढच्या महिन्यात जमा होतात, आणि त्या दिवशी ज्याच्याकडे कार्ड असेल, त्यालाच मिळतात.
नियमावली काढून ते कलम वाचले. वाक्य नेटके आहे. मला त्यात एकही चूक सापडली नाही.

२४ सप्टेंबर
ताईंना इस्पितळात ठेवले आहे. फुसाए म्हणाली, गायनमंडळ पुन्हा निघाले आहे. मी म्हणालो, अशा वेळी गाणे शोभते का? ती म्हणाली, "अशाच वेळी लागतं हो." आठवडाभरासाठी गेली. या मंडळाचा सराव कमी पडत असावा. फुसाएला घरात गुणगुणताना मी कधी ऐकलेले नाही.

२ ऑक्टोबर
परतली. दमलेली आहे. काय काय गायलात, असे विचारले. म्हणाली, "एकच. तेच तेच." ताईंना घरी सोडले आहे, असे तिला कुणाकडून तरी कळले आहे.

६ ऑक्टोबर
नवा मार्ग. विमान कंपनीचे स्वतःचेच कार्ड घेतले. मध्ये एकही दार नाही. पहिले वर्ष मोफत. तीन महिन्यांत मोठा खर्च केल्यास दोन परतीच्या तिकिटांइतके पॉइंट एकदम. एवढा मोठा खर्च आमच्या घरात निघणार कुठून, हा प्रश्न उरतो.
फुसाएला सांगितले. ती मटार सोलत होती. "अहो, जहाज सुटतं," म्हणाली. "दुपारी." मी म्हणालो, ते मला ठाऊक आहे.

९ नोव्हेंबर
पहाटे फोन. ताईंची मुलगी कायो. ताई गेल्या.
फुसाए पाच मिनिटांत तयार झाली. बॅग भरलेलीच होती. फुकटची तिकिटे आयत्या वेळी देत नाहीत. शिवाय पॉइंटही नाहीत.
जहाजाने निघालो. तिकिटे कार्डावर काढली.

१० नोव्हेंबर, ओतारू
बंदरावर काळोख होता. फुसाए कुणालाही न विचारता बसथांब्याकडे वळली, आणि ती बस बरोबर तीच होती.
दुःखाच्या पाकिटात, म्हणजे मृताच्या घरी द्यायच्या पैशांत, कोऱ्या नोटा घालू नयेत. जणू आधीच तयारी होती, असे दिसते. माझ्याजवळ कोऱ्याच होत्या. जहाजावर त्या घड्या घालून मऊ केल्या.

१२ नोव्हेंबर
अंत्यविधी पार पडला. हिशेबाच्या वेळी कायो लोकांची पाकिटे उघडून रोख रक्कम मोजत होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितले: बिल माझ्या कार्डावर टाक, रोख मला दे. तुझे नुकसान नाही. खर्च तर व्हायचाच आहे. विधिगृहाच्या माणसाने नजर खाली केली. फुसाए भिंतीवरचे घड्याळ पाहू लागली.
कायो माझ्याकडे पाहून हसली. डोळे ओले होते. म्हणाली, "टाका, काका. आईच म्हणाली असती, मास्तरांचं विमान एकदाचं उडू दे."
सही केली. अक्षर नेहमीसारखे आले.

१४ डिसेंबर
पॉइंट जमा. पूर्ण. २७ डिसेंबरला ताईंच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी आहे. वर्षअखेरच्या गर्दीमुळे फुकटच्या तिकिटांवर येणारी बंदी त्याच्या दुसऱ्या दिवशी लागते. आदल्या दिवसाच्या, खिडकीजवळच्या, शेजारी शेजारी दोन जागा मिळाल्या. इतके अचूक नियोजन क्वचितच जमते.
फुसाएला सांगितले. म्हणाली, "तुम्ही या विमानानं. मी जहाजानं जाईन. मला सवय झालीये."
सवय हा शब्द येथे चूक आहे. एकदा केलेल्या गोष्टीची सवय होत नाही.

२६ डिसेंबर
उड्डाण वेळेवर. फुसाए काल दुपारी गेली. तिचे तिकीट रद्द केले असते, तर रद्द करण्याची फी लागली असती, म्हणून ठेवले. शेजारची जागा रिकामी राहिल्याने कोट ठेवायला सोय झाली. सफरचंदाचा रस देतात. एक तिच्या वाट्याचाही मागितला. दिला.
खाली ढग होते. काही दिसले नाही.

२७ डिसेंबर
विधी झाला. जेवताना कायोने फुसाएच्या पानात मटार वाढत म्हटले, "मावशी, जूनमध्ये आलीस तेव्हा दोघींनी पातेलंभर सोलले होते, आठवतं? आणि सप्टेंबरात इस्पितळात तू रात्रभर तेच अंगाईगीत म्हणत होतीस. नर्स वैतागली होती." फुसाए म्हणाली, "आठवतं." माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटते, मी ऐकले नाही, असे तिला वाटले.
मटार नीट शिजले होते.

३१ डिसेंबर, नागाओका
या वहीतील काही तारखा दुरुस्त करीत आहे.
४ ते ८ जून: 'कुंडांवर' असे लिहिले आहे. ओतारू वाचावे.
२४ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर: 'गायनमंडळ'. ओतारू, इस्पितळ.
१३ जुलै: 'जुन्या आठवणी'. त्या जूनच्या होत्या.
१० नोव्हेंबर: फुसाएला बस ठाऊक कशी, हे तेथे लिहिलेले नाही. लिहिण्याची गरज नाही.
१४ डिसेंबर: 'सवय' हा शब्द योग्य आहे. नोव्हेंबरात ती जहाजाने तिसऱ्यांदा गेली, डिसेंबरात चौथ्यांदा.
२६ डिसेंबर: दोन परतीच्या तिकिटांपैकी एक वापरले.
३ फेब्रुवारी ते आजपर्यंत: वार्षिक फी, शून्य. येथे दुरुस्ती नाही.