सतरा नंबरचा टेलिफोन

११ जानेवारी १९६५, सोमवार
टेलिफोन ऑफिसचं पत्र. हे जाऊन दीड वर्ष झालं, तरी पत्र ह्यांच्याच नावानं — श्री. नारायणराव, कापसाचे दलाल, मलकापूर, नंबर १७. गावच्या एक्स्चेंजच्या बोर्डावर पन्नासच नंबर, पन्नासही देऊन झालेत. गरज नसेल तर परत करा, नाहीतर वारसानं आपल्या नावावर करून घ्या.
गरज नाही. मला करतं कोण फोन?

१२ जानेवारी
उत्तर लिहिलं नाही. फोन पुसून ठेवला.

१४ जानेवारी, गुरुवार
एक्स्चेंजवरचे पंजाबराव तीळगूळ घ्यायला आले. ह्यांना रोज मुंबईची लाइन जोडून देणारा हाच माणूस.
"वहिनी, चाळीस लोक नंबरासाठी बसून राह्यले. नवा बोर्ड येणार होता, तो यंदा दुसऱ्या जिल्ह्याले गेला. वरून जिल्ह्यावार वाटप होते, आपल्या वाट्याले काही नाही."
मी विचारलं, परत केला तर डिरेक्टरीत ह्यांचं नाव राहील का?
ते खाली बघत म्हणाले, "नाही राहत, वहिनी."
मग नाही करत. त्या पुस्तकात एक ओळ उरली आहे ह्यांची. ती मी कशी पुसू?

२१ जानेवारी, गुरुवार
भाजीवाली अंबूबाई तीन दिवसांनी आली. टोपली उतरवली आणि रडायलाच लागली. सुनेचं बाळ गेलं. सून कशीबशी वाचली.
तिचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागं, रुळापलीकडे. पोरगा जिनिंगमध्ये धावला. "हपिसातल्या बाबूनं फोन उचलला व बाई, पण लावीन कुठी? डॉक्टरीणबाईच्या घरी फोनच नाही." मग तो पळत फाटकाशी आला, तर मालगाडी आडवी उभी. सिंधूताई डॉक्टर पोचल्या तोवर उशीर झाला होता.
माझ्या बैठकीत फोन आहे. दीड वर्ष वाजलेला नाही.

२२ जानेवारी
अर्ज लिहिला. नंबर १७ परत घ्यावा व तो डॉक्टर सिंधूताईंना द्यावा.

२५ जानेवारी, सोमवार
स्वतः एक्स्चेंजात गेले. पंजाबरावांनी अर्ज वाचून माझ्याच हातात परत ठेवला.
"असं होत नाही, वहिनी. परत केलेला नंबर यादीतल्या पहिल्याले जाते. पहिले हायेत सरकीवाले किसनराव. डॉक्टरांचे नंबर येगळे असतात, पण जिल्ह्याचे यंदाचे सरले. सिंधूताई एकतिसाव्या."
"मग त्यांना कधी?"
"दोन साल, तीन साल. बोर्ड येईन तवा."
"आमचाच फोन त्यांच्या घरी नेला तर?"
"दुसऱ्याच्या घरी नेता येत नाही."
"आणि डॉक्टर माझ्या घरी आल्या तर?"
पंजाबराव हसले. मग म्हणाले, "त्याले कोणाची मनाई नाही."

२६ जानेवारी, मंगळवार
सिंधूताईंकडे गेले. पोरगेली बाई, चहा करायलाही वेळ नसतो. म्हटलं, माझी बैठक रिकामी आहे, दवाखाना तिथं थाटा.
"काकू, बाया ओरडतात. वेळी-अवेळी लोक येतील. तुम्हाला त्रास होईल."
होऊ द्या, म्हटलं.

२८ जानेवारी
फोन माझ्या नावावर करून घेतला. आता छापतील तेव्हा ह्यांची ओळ नसेल. सही करताना हात थांबला. पंजाबरावांनी टाक पुन्हा शाईत बुडवून दिला.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
ह्यांची गादी नि लोड आत नेले. लोखंडी पलंग आला. दारावर डॉक्टरांची पाटी लागली.
पहिला फोन वाजला तेव्हा केवढी दचकले! डॉक्टर बाहेर गेल्या की फोन मी घेते. त्या कुठं गेल्यात ते दगडी पाटीवर खडूनं लिहून ठेवते, म्हणजे शोधायला लागत नाही. आज चार फोन. दुपारचं जेवायचं राहूनच गेलं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी दहाला बैठकीत बाळ रडलं. मुलगी. एकवीस वर्षांच्या संसारात ह्या घरानं तो आवाज ऐकला नव्हता. सिंधूताईंचे हात गुंतलेले. "काकू, धरा हिला," म्हणाल्या.
तान्हं कसं धरतात, मला ठाऊक नव्हतं.