विझवलेली चूल

पेलिओन, २६ डिसेंबर १९३१

चि. लाम्ब्रोस यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्या घरातली एकुलती एक चाळणी आईने दाराला ठोकली आहे. कालिकांझारे आले की म्हणे भोकं मोजत बसतात, आणि तीन हा देवाचा आकडा त्यांच्या तोंडून निघत नाही, म्हणून पुन्हा एकपासून सुरुवात. भुतांची करमणूक झाली. मी मात्र हरभरे लोकरी मोज्यातून गाळते आहे. या अन्यायाची दाद कुठल्या कोर्टात मागावी, ते कळव.

नाताळपासूनच्या बारा रात्री चूलही विझू द्यायची नाही, नाहीतर ती काळी केसाळ मंडळी धुराड्यातून उतरणार. तेही चालवून घेतलं असतं. पण तुझ्या आर्जिरोचे दिवस भरत आलेत. सुईण म्हणते, सहा तारखेला पाद्रीबाबा घरात पाणी शिंपडून भुतं हाकलून गेले की मगच. पोट मात्र खाली आलंय. आई त्याकडे टक लावून बसते. काल म्हणाली, या बारा दिवसांत जन्मलं तर ते ‘त्यांच्यातलं’; पायांची नखं विस्तवावर जाळल्याशिवाय माणसांत राहायचं नाही. मला झोप नाही, लाम्ब्रोस. तू निघून ये.

माया उणी होऊ देऊ नकोस.

तुझी,
स्तामाता

वोलोस, २८ डिसेंबर

ती. ताईस लाम्ब्रोसचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मोज्याची हकीकत गिरणीत वाचून दाखवली. मुकादमाने कळवलंय की त्याला आपल्या घरी जेवायला बोलावू नये. सण उरकेपर्यंत मालक मला सोडत नाही. नखांचं म्हणशील तर आईचं ऐक. जरासा धूर, जरासा वास, म्हातारीचं समाधान. नखं पुन्हा येतात. अख्ख्या गावाची टिंगल करणारी तू, आणि तूच घाबरलीस?

आर्जिरोला सांग, पाळणा तयार आहे. तुझ्या शिव्यांची वाट पाहतो.

तुझा,
लाम्ब्रोस

पेलिओन, ६ जानेवारी १९३२

चि. लाम्ब्रोस यास अनेक आशीर्वाद.

मुलगा झाला. दोघं बरी आहेत. बर्फामुळे आठवडाभर खेचरवाला फिरकला नाही, म्हणून उशीर. शिव्या नंतर देते, आधी ऐक.

आपला भाऊ थोदोरीस थंडीने गेला, असं तुला सांगत आलो. तुझा तेव्हा जन्म नव्हता. तोही याच दिवसांतला. आईने त्याचे पाय विस्तवावर धरले. मी शेजारी दिवा धरून उभी. आधी नखं जळली, मग बोटं. पाय चिघळले, आणि पोर गेलं.

तुझा मुलगा ३० तारखेला दिवेलागणीला आला. सुईणीची पाठ वळताच आई त्याला उचलून चुलीपाशी गेली. मी आडवी आले. ती शांतपणे म्हणाली, थोदोरीसच्या वेळी माझा हात थरथरला, पाय लवकर काढले, म्हणून त्यांनी त्याला नेलं. आता थरथरायचा नाही. तिच्या डोळ्यांत दुष्टावा असता तर सोपं झालं असतं. नुसती माया होती. मी हरभऱ्यांचं पातेलं उचललं आणि चुलीत ओतलं.

आईने बाळ आर्जिरोच्या कुशीत ठेवलं आणि स्वतः धुराड्याखाली राखेत जाऊन बसली. उतरलंच कुणी, तर आधी तिच्यावर.

काळोखात छपरावर काहीतरी चाललं. बर्फ सरकला असेल. दारावरची चाळणी वाजायची, थांबायची, पुन्हा वाजायची. वारा असेल. धीर यावा म्हणून मी आकडे पुटपुटायला लागले, आणि लाम्ब्रोस, तीनवर माझीही जीभ अडली.

सकाळी विस्तव मागायला शेजारच्या मारूलियाकडे गेले. या दिवसांत कुणी कुणाला विस्तव देत नाही. तिने ओच्याआड चार निखारे दिले आणि म्हणाली, सासूला कळलं तर तुझ्याच घरी राहायला येईन हो.

आईने चूल पेटवली आणि चुलीकडे पाठ करून बाळाला मांडीवर घेतलं. म्हणाली, रात्रभर वाट मोकळी होती, तरी न्यायला कुणी आलं नाही. म्हणजे हा त्यांचा नव्हे. मग म्हणाली, म्हणजे थोदोरीससुद्धा... आणि तिने बाळाचे पाय दोन्ही मुठींत झाकून घेतले.

आज पाद्रीबाबा पाणी शिंपडून गेले. मी चाळणी काढून घासली. मग आपल्या चुलीतले चार निखारे मडक्यात घालून, वर राख पसरून, मारूलियाच्या घरी पोचवून आले.

लवकर ये. आईशी हळू बोल.

तुझी,
स्तामाता