एक पिळा जास्त

मंगळवार, संध्याकाळ

लाईट गेली की ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन दोन मोठ्या बॅटऱ्यांवर चालतं. त्या भरायला ह्यांनीच डिझेल इंजिनाला जुन्या जीपचा अल्टरनेटर जोडलाय. काल दिवसभर लाईट न्हवती. बॅटऱ्या लवकर भरंनात म्हणून मी अल्टरनेटरवरचा व्होल्टेज कमीजास्त करायचा स्क्रू पिळला. जास्त दाब, लवकर भरतील, एवढीच माझी अक्कल. सडक्या अंड्यांचा वास सुटला, तरी वाटलं भरताना येत असंल.

आज बॅटरीवाले सलीमभाई आले. इंजिन चालू करून मीटर लावला.

"वहिनी, सोळा व्होल्ट! साडेचौदाच्या पुढं न्यायचं न्हाय. कुकर हाय व्हय ह्यो? पाणी उकळून गेलं, प्लेटा उघड्या पडल्या."

"मग पाणी घाला की!"

"घालतो. पण आता पंधरा मिनिटं चालल्या तरी नशीब. नव्या परवा आणतो."

त्या एका स्क्रूपायी. ह्यांना विचारायचं हुतं. बोलताना दम लागतो म्हणून विचारलं न्हाय. का मलाच घाई झालती?

आत गेले तर ह्यांनी नळी बाजूला करून विचारलं, "भरल्या?"

"व्हय," म्हटलं.

लाईट हाय अजून. पंख्याकडं बघत बसलेय. हळू फिरतोय, का मलाच तसं वाटतंय?